दर रविवारी अर्धी पेन्सिल

त्या शनिवारी राक्षस तीनदा मेला.

पहिल्यांदा तो ठरल्याप्रमाणे विहिरीत पडून मेला. गोष्ट संपली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि वाचनालयाच्या बालविभागात सतरंजीवर बसलेली माझी बायको उठायला गेली. उठता येईना. एक हात टेकून पाहिला, दोन्ही टेकून पाहिले, पण गुडघे काही ऐकेनात. समोर तेवीस मुलं टक लावून बसलेली. तेव्हा तिने शांतपणे पुन्हा मांडी घातली आणि म्हणाली, "पण तुम्हाला वाटलं ना तो मेला? मुळीच नाही!" झालं, राक्षस निथळत विहिरीबाहेर आला.

दुसऱ्या खेपेला त्याला हत्तीने तुडवलं. तरी मदतीला कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या खेपेला तो शिंकून शिंकून मेला, कारण तोवर तिच्याजवळचे मारायचे सगळे उपाय संपले होते. दाराबाहेर आईबाप ताटकळत होते. शेवटी काय घोळ आहे म्हणून मुख्य ग्रंथपाल डोकावले, आणि त्यांनी व शिपायाने दोन बाजूंनी धरून तिला उभं केलं. मुलांना हा प्रकार बेहद्द आवडला. पुढच्या शनिवारपासून गोष्ट संपत आली की एखादं चिमुरडं आशेने विचारू लागलं, "गोष्टबाई, आज अडकणार ना?"

ग्रंथपालांना मात्र हा प्रकार आवडला नाही. माणूस वाईट नव्हे. त्यांनी तिला खोलीत बोलावलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "बाई, तीन महिन्यांनी नवं सत्र सुरू होतंय. तुम्ही वरच्या मजल्यावर देवघेवीला बसा. तिथली खुर्ची उंच आहे. गोष्टींना एखादी तरुण मुलगी ठेवू."

सव्वीस वर्षं ती त्या सतरंजीवर बसत आली होती. पहिल्या वर्षी गोष्ट ऐकलेली मुलं आता आपापली मुलं घेऊन येत होती. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "तीन महिने द्या, साहेब. सत्राच्या पहिल्या शनिवारी येऊन बघा. हात न टेकता उठले नाही, तर माझी बसायची उशी मी स्वतः वर घेऊन जाईन."

हे सगळं तिने मला संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी सांगितलं. सांगताना हसत होती, पण पेल्याभोवती बोटं अशी आवळली होती की मला काही विनोद सुचला नाही.

मी शाळेत सुतारकाम शिकवतो. एकतीस वर्षं झाली. माझं वय सत्तावन्न, तिचं चौपन्न. आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं, गुडघे वाकवून पाहिले आणि म्हणाल्या, "गुडघे ठीक आहेत. स्नायू आटलेत. चाळिशीनंतर सगळ्यांचे थोडे थोडे आटतात, आणि वापरले नाहीत तर फार भराभर."

"पावडर घेऊ का?" बायकोने विचारलं. "यांची बहीण विकते."

"घ्या हवं तर, तुम्हाला अपाय नाही. अंडी, दूध, कडधान्यं नीट खाल्लीत तर तेही चालेल. पण एक लक्षात ठेवा, पावडर म्हणजे नुसत्या विटा. गवंडी आल्याशिवाय भिंत उभी राहत नाही. रोज व्यायाम करा."

बायकोने यातलं 'घ्या हवं तर' एवढंच ऐकलं. लहानपणापासून व्यायाम म्हटला की तिला पुस्तक आठवतं.

दुसऱ्याच दिवशी माझी धाकटी बहीण डबा घेऊन हजर झाली. डबा बादलीएवढा. त्यावर एका गृहस्थाचं चित्र होतं, ज्याचे दंड माझ्या मांडीएवढे आणि मान बहुधा छापायची राहून गेलेली.

"वहिनी, सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे. तीन महिन्यांत सतरंजीवरून उडाल!"

"उडायचं नाहीये गं, नुसतं उठायचंय."

"आणि ही वही. रोज संध्याकाळी खुर्चीवर बसायचं, हात छातीशी बांधायचे आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा उठबस होते ते लिहायचं. आकडा कसा चढत जातो बघा. मग मी ही वही सगळ्यांना दाखवणार."

"आणि चढला नाही तर?" मी म्हणालो.

"दादा, तू गप्प बस. तुझा लाकडाशिवाय कशावर विश्वास आहे?"

मी गप्प बसलो. एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला बायको आणि मध्ये बादलीभर पावडर, अशा वेळी शहाण्या माणसाने दुसरं काय करावं? पहिल्या संध्याकाळी वहीत आकडा पडला, नऊ.

त्याच आठवड्यात वर्गात सातवीतल्या एका मुलीचं स्टूल डुगडुगत होतं. तिने एक पाय थोडा कापला. मग दुसरा लांब वाटायला लागला म्हणून तो कापला. मग तिसरा. प्रत्येक नव्या मुलाची ही चूक ठरलेली असते आणि मी मध्ये पडत नाही, कारण ती एकदा स्वतः केल्याशिवाय कळत नाही. तास संपेपर्यंत स्टुलाचं पाय ठेवायचं फळकूट झालं होतं. मुलगी रडली नाही. त्यावर बसली, उठली, परत बसली आणि म्हणाली, "सर, गंमत आहे. हे जितकं बुटकं होतं, तितका उठायला जास्त जोर लागतो."

मी तिला त्या स्टुलाचे दहापैकी दहा गुण दिले. तिला कारण कळलं नाही.

आमच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या आहेत. लग्नाच्या वर्षी मी स्वतः केलेल्या. हिची खुर्ची खिडकीकडची, वहीसाठीची उठबसही तिच्यावरच. रविवारी सकाळी ही बाजारात गेली की दीड तास येत नाही. त्या रविवारी मी ती खुर्ची मागच्या पडवीत नेली, उलटी केली, पायांखाली चिकटवलेले जाड कापडाचे गोल तुकडे सोडवले, काटकोनाचा गुण्या लावून चारही पायांवर रेघ मारली आणि करवत चालवली. सुताराची चपटी पेन्सिल असते ना, तिच्या जाडीच्या निम्मं. जास्त नाही. कानस फिरवली, कापड परत चिकटवलं, भुसा झाडला, खुर्ची जागच्या जागी. स्वतःच्या हाताने केलेल्या चांगल्या कामावर करवत चालवणं सोपं नसतं. पण मी मनाशी म्हटलं, ही व्यायाम करणार नाही, तर व्यायामालाच तिच्या बुडाखाली आणून ठेवू.

मग दर रविवारी अर्धी पेन्सिल.

माझा हिशेब साधा होता. पायात जोर येईल तसतशी खुर्ची खाली जाईल, बाईला पत्ताही लागणार नाही. एका गोष्टीचा मात्र मी विचार केला नव्हता. वहीतला आकडा वर चढेना. नऊ, नऊ, दहा, नऊ, नऊ, दहा.

बहिणीचा जीव टांगणीला लागला. ती दर दोन दिवसांनी फोन करी. "वहिनी, तीन चमचे करून बघा. कोमट दुधात घेताय ना? ढवळताय ना नीट? दादा तुमच्या वाटणीचं पीत नाही ना?" व्हॅनिलाचा डबा बदलून तिने चॉकलेटचा आणला, चॉकलेटचा बदलून परत व्हॅनिलाचा. मी पेपरमागे तोंड लपवून बसत असे.

पाचव्या आठवड्यात बायको जेवता जेवता थांबली. "अहो, हे टेबल वर येतंय का?"

"टेबल कसं वर येईल?"

"मग मीच आखूड होत असणार. वयाने होतात म्हणे माणसं." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी तिने बालविभागातल्या भिंतीवर, जिथे मुलं आपली उंची मापतात त्या रंगीत जिराफाला पाठ टेकून उंची मोजून घेतली. उंची होती तेवढीच होती. तेव्हा तिने खुर्चीवर एक जाड उशी आणून ठेवली. माझी पाच आठवड्यांची मेहनत एका उशीने बुडाली असती. मी त्या उशीवर चहा सांडला. धुवून वाळली तेव्हा पुन्हा सांडला. तिसऱ्यांदा तिने उशी उचलून कपाटात टाकली आणि माझ्या हातांना कंप सुटलाय का, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारायचं ठरवलं.

सातव्या रविवारी मात्र माझाच घात झाला. मागच्या उजव्या पायात एक गाठ होती, तिच्यावर करवत सटकली आणि तिरकी गेली. खुर्ची डुगडुगायला लागली. मग मी दुसरा पाय कापला. मग तिसरा लांब वाटला. एकतीस वर्षं मुलांना जी चूक करताना शांतपणे पाहत आलो, तीच मी माझ्या पडवीत घामाघूम होऊन करत होतो. खुर्ची स्थिर झाली तेव्हा ती दोन बोटं खाली गेली होती, आणि फाटक वाजलं होतं.

संध्याकाळी तिने हात छातीशी बांधले. मी घड्याळ धरलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला ती थरथरली. सहाव्याला उठली आणि सातव्याला उठता उठता परत मागे बसली.

तिने वहीत सहा लिहिलं. पेन्सिल खाली ठेवली.

"पुरे झालं," ती म्हणाली. "दोन महिने पावडर गिळतेय आणि नवाचे सहा झाले. उद्या साहेबांना सांगते, मी वर जाते. निदान सगळ्या पोरांसमोर फजिती तरी नको."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला राक्षसासाठीसुद्धा रडताना पाहिलेलं आहे, पण ते नाटकाचं. हे खरं होतं. मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. सांगायला तोंडही उघडलं. पण सांगितलं की ती उंच खुर्चीवर जाऊन बसणार आणि पुढचे पाच आठवडे हातचे जाणार, हे दिसत होतं. आणि खोटं काय, भीतीही वाटत होती.

"अगं, आकड्यावर जाऊ नकोस," मी म्हणालो. "हवा दमट आहे. दमट हवेत लाकूड फुगतं. टेबलाचे पाय फुगून लांब झाले असतील, खुर्ची वाकडी झाली असेल. माप चुकतं अशाने. पुढच्या रविवारपर्यंत थांब."

"टेबलाचे पाय लांब होतात?"

"लाकूड आहे ते. फुगणारच."

तिने वाकून टेबलाच्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर खरंच असेल. तुमचा विषय आहे."

सोमवारी ती वाचनालयातून आली ती गुणगुणत. साहेबांना काही बोलली नव्हती. वहीत सात लिहिले आणि तक्रार केली नाही. पुढे आठ, मग नऊ. सकाळी स्वयंपाकघरातही मला ती त्या खुर्चीवर उठबस करताना दिसली, दूध उतू जाईपर्यंत. मला वाटलं, आपलं समजावणं कामी आलं. शिक्षकाला हा भ्रम लवकर होतो.

मी राहिलेल्या रविवारी अर्धी पेन्सिल चालू ठेवली, हात सांभाळून.

पण त्याच सुमाराला मला माझीच काळजी वाटू लागली. माझी हत्यारांची पेटी मी रोज शाळेत नेतो आणि परत आणतो. माझ्या पटाशीला दुसऱ्याने धार लावलेली मला खपत नाही. लाकडी पेटी, दोन कप्प्यांची. वरच्यात रोजची हत्यारं, खालच्यात जुने रंधे, जे मी सुट्टीतच तेल द्यायला बाहेर काढतो. ती पेटी जड लागायला लागली. पहिल्या आठवड्यात थोडी, दुसऱ्यात बरीच. शाळेचे दोन जिने चढताना मी मध्ये थांबू लागलो. हात बदलू लागलो. मनात म्हटलं, संपलं. हिचं सावरतंय आणि माझं उतरणीला लागलं. कोणाला सांगणार? सकाळचं दूधसुद्धा गोडसर आणि घट्ट लागायचं.

"दूध बदललंस का गं?"

"दुकान बदललं," ती म्हणाली. "प्या गुपचूप."

शेवटच्या आठवड्यात सदऱ्याच्या बाह्या दंडाशी आवळायला लागल्या. मला वाटलं, धुण्यात कापड आटलं.

सत्राचा पहिला शनिवार आला. मी शाळेतून परस्पर वाचनालयात गेलो, पेटी हातात. बहीण वही घेऊन आली होती, पण ती पिशवीतून बाहेर काढत नव्हती. 'नऊवरून बारावर, वाटेत सहा' असली वही दाखवून कोण डबा घेणार? बारा कालचे होते. ग्रंथपाल दाराशी हात मागे बांधून उभे राहिले. सतरंजीवर तीस-बत्तीस मुलं आणि मध्ये गोष्टबाई मांडी घालून.

गोष्ट राक्षसाचीच होती. तो विहिरीत पडला. पुस्तक मिटलं. आणि तेव्हा मला दिसलं की मुलं उठत नाहीयेत. सगळी तिच्याकडे डोळे लावून बसली होती. मागून एक पोरगं कुजबुजलं, "अडकल्या, अडकल्या!" आणि दुसऱ्याने देवाला हात जोडले.

हिने पुस्तक छातीशी धरलं. दोन्ही हातांनी. एक पाय पुढे घेतला, थोडी पुढे झुकली आणि उठली. एवढंच. पेल्यातलं पाणी हललं नसतं अशी उठली. त्या बुटक्या खुर्चीनंतर तिला जमीनसुद्धा काही विशेष खाली वाटली नसावी.

मुलांच्या तोंडावर सुतकी कळा पसरली. पुढच्या रांगेतली एक मुलगी हिरमुसून म्हणाली, "म्हणजे आता राक्षस एकदाच मरणार?"

ग्रंथपालांना हसू आवरेना. "बाई, वरच्या मजल्याचं विसरा," ते म्हणाले.

ती मुलांकडे वळली. "तुम्हाला वाटलं ना तो मेला?" आणि परत खाली बसली. नुसती बसली, टेकत टेकत नाही. मुलांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

गोष्ट दुसऱ्यांदा संपल्यावर माझी बहीण धावली. "वहिनी! मी म्हटलं नव्हतं? पावडर! सांगा सगळ्यांना!"

"गेले पाच आठवडे मी ती घेतलेलीच नाही गं," बायको म्हणाली.

"मग डबा संपला कसा? कोणी घेतली?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मला एकदम सकाळचं दूध आठवलं.

तेवढ्यात ग्रंथपाल हातात एक कागद घेऊन माझ्याकडे आले. "सर, बरं झालं तुम्ही आलात. तुमच्या कार्डावर पाच पुस्तकं आहेत. पहिल्याची मुदत आज संपतेय."

"माझ्या? मी एकही नेलेलं नाही."

"अहो, पेटी उघडा," बायको म्हणाली. "खालचा कप्पा."

मी उघडला. जुन्या रंध्यांच्या शेजारी, माझ्याच जुन्या सदऱ्यात नीट गुंडाळून, पाच जाडजूड पुस्तकं होती. एक शब्दकोश, दोन इतिहासाची, एक पक्ष्यांचं, रंगीत चित्रांचं, सगळ्यांत जड. दर आठवड्याला एक. आणि सगळ्यांत वर सुतारकामाचं पुस्तक, आत एक खूण घातलेली. मी ते पान उघडलं. एका ओळीखाली कागदाची पट्टी होती. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ वाढत नाही, असं तिथे लिहिलं होतं. हे मी दरवर्षी पहिल्या महिन्यातच मुलांना शिकवतो.

"सहा लिहिले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पहिलं हेच काढलं," ती म्हणाली. "मग घरी येऊन चारही खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या. तुम्ही पंधरा वर्षांच्या पोरांना फसवू शकाल. वाचनालयात काम करणाऱ्या बाईला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात का? डब्यावर खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, तेही त्याच दिवशी वाचलं. नियमित व्यायामासोबत घ्यावी. म्हटलं, माझा व्यायाम तुम्ही बघताय. तुमचा कोण बघणार? उठताना टेबलाला धरून उठता तुम्ही, मला दिसत नाही का?"

ग्रंथपालांनी पाचही पुस्तकं जमा करून घेतली. सुतारकामाचं मात्र मी परत नेलं, स्वतः सही करून.

माझी बहीण इतका वेळ विचारात होती. ती मला कोपऱ्यात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "दादा, प्रत्येक डब्याबरोबर अशी एक खुर्ची देता येईल का रे?"

दुसऱ्या दिवशी रविवार. बाजाराला जाण्याआधी बायकोने खिडकीकडची खुर्ची टेबलापासून ओढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"बसा."

"कशाला?"

"पेटीने दंड झाले. पायांचं काय?"

मी बसलो. अगदी खाली गेलो. मी केलेली खुर्ची, पण मला ओळख दाखवेना. हात छातीशी बांधले, पुढे झुकलो, उठायचा प्रयत्न केला आणि होतो तिथेच राहिलो. परत केला. गुडघे काही ऐकेनात.

बाजाराची पिशवी खांद्याला लावून ती दारात उभी होती. तिने पिशवी खाली ठेवली, माझ्या समोरच्या उंच खुर्चीवर निवांत बसली आणि म्हणाली, "तर काय झालं, एक होता राक्षस."